कंबरेचा फोटो

कारा-बुलाक गावात कंबर दुखू लागली की माणूस आधी बायकोवर चिडतो, मग गरम विटेचा शेक घेतो, आणि तरीही दुखायची थांबली नाही की एखादी मेंढी विकून थेट राजधानी बिश्केक गाठतो, फोटो काढायला. साधा हाडांचा फोटो नव्हे. बोगद्यासारख्या मशीनमध्ये झोपवतात तो, एमआरआय. गावातल्या काबीलने तो काढला तेव्हा मणक्यातली गादी सरकलेली निघाली. फोटो काढायच्या आधी हा गडी दिवसभर घोड्यावर असायचा. फोटो पाहिल्यापासून घोड्याकडे बघतोसुद्धा लांबून. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी फोटो पुढे करतो, आणि पाहुण्यालाही तो उजेडाकडे धरून हळहळावं लागतं.

जीपार नावाची तरुण डॉक्टर वसंतात गावच्या दवाखान्यात आली आणि तिने या वेडाशी उभा दावा मांडला. कंबरदुखी घेऊन येणाऱ्याला ती प्रश्न विचारायची, पाय उचलायला लावायची, पाठीवर बोटांनी ठोकून बघायची, आणि बहुतेकांना फोटोशिवायच घरी पाठवायची. चाला, फिरा, जड कामं बेताने करा, महिना-दीड महिन्यात जाईल, म्हणायची. आणि दुखणं खरंच जायचं. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे गावाने तिलाच बोल लावला. तिचं काही चुकलं नव्हतं. विचारायचं ते सगळं तिने विचारलं होतं.

त्या वर्षी थंडी सुरू होता होता शार्शेन आपल्या बायकोला, बुर्माकानला, घेऊन तिच्याकडे आला. शार्शेन मेंढपाळ, पन्नाशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा. बुर्माकान दोघांच्या वाटचं बोलायची. त्यांचा एकुलता एक मुलगा मीरलान मॉस्कोत उंच इमारतींच्या बांधकामावर होता. येत्या उन्हाळ्यात त्याचं लग्न करायचं म्हणून तिने शेजारणी जमवून मोठा बुरणूस करायला घेतला होता. ओली लोकर बोरूच्या चटईत गुंडाळायची, वर उकळतं पाणी ओतायचं, आणि सगळ्या बायांनी गुडघ्यांवर बसून कोपरांनी ती वळकटी लाटायची. लाटता लाटता तिच्या कंबरेत जी कळ आली, ती गेलीच नाही.

"कुठं दुखतं, मावशी?" जीपारने विचारलं.

"कुठं नाही ते विचार. इथं, खाली, अगदी मधोमध."

"बुरणूस केवढा केलात?"

"सुनेला पुरेल एवढा. सून अजून मिळायचीय, पण बुरणूस तयार पाहिजे ना."

जीपार हसली. तिने बुर्माकानला पालथं झोपवून पाठ दाबून पाहिली, मग उताणं करून एकेक पाय वर उचलला, तळव्यांना टाचणी लावून पाहिली. बुर्माकान म्हणाली, "टोचतेस कशाला, मी जिवंत आहे." मग प्रश्न सुरू झाले. कुठे पडलात? नाही. ताप येतो? नाही. लघवीला त्रास? नाही. पायात जोर कमी वाटतो? नाही. वजन उतरलंय?

"या दिवसांत वजन मेंढ्यांचं वाढतं, माझं कशाला वाढेल?"

"आणि मावशी, याआधी कधी कॅन्सर, ट्यूमर, असलं काही झालं होतं?"

"नाही गं बाई. आमच्या माहेरी सगळे म्हातारपणानेच मेले. तेही कंटाळून."

शेगडीजवळच्या बाकावर शार्शेन बसला होता. पांढरी टोपी त्याने गुडघ्यावर ठेवली होती. प्रश्न त्याने ऐकला. टोपीचा काठ त्याने दोन बोटांत धरला आणि तो नुसता चुरगाळत राहिला.

तीन वर्षांपूर्वी बुर्माकानच्या डाव्या छातीतून एक गाठ काढली होती. शहरातल्या सर्जनने शार्शेनला आणि त्याच्या थोरल्या भावाला, आकमातला, बाहेर बोलावून सांगितलं होतं की ती कॅन्सरची आहे. बाईला सांगू नका, धीर सोडेल, असंही तोच म्हणाला होता. सांगायला कोण निघालं होतं? कारा-बुलाकमध्ये आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत. बुर्माकानला सांगितलं, दुधाची गाठ होती, धरून बसली होती, काढून टाकली. नंतर किरणांचे शेक दिले ते जखम सुकवायला, आणि रोज घ्यायची गोळी दिली ती ताकदीसाठी. दुसऱ्या हिवाळ्यात तिने गोळी बंद केली. म्हणाली, बैलासारखी ताकद आलीय, आता कशाला? शार्शेन एकदा म्हणाला, घे की. ती म्हणाली, तुम्हीच घ्या, तुम्हाला जास्त गरज आहे. दुसऱ्यांदा म्हणायची त्याची छाती झाली नाही. फार आग्रह केला तर तिला संशय येईल, ही भीती.

तेव्हा जीपारच्या प्रश्नाला बुर्माकान जे बोलली ते तिच्या बाजूने सोळा आणे खरं होतं. कॅन्सर तिला झालाच नव्हता. तो शार्शेनला ठाऊक होता, एवढंच.

आता बोलावं, असं त्याला वाटलं. पण बायको दोन हातांच्या अंतरावर बसली होती, पायात मोजे घालत होती, आणि "बघा, उगाच आणलंत" म्हणून त्याच्याकडे बघून हसत होती. त्या हसण्यासमोर तो शब्द उच्चारायचा म्हणजे काय? त्याने टोपी डोक्यावर चढवली.

बुर्माकान बाहेर गेली. तो दारात घुटमळला.

"काका, काही राहिलं का?" जीपारने विचारलं.

"नाही. म्हणजे... फोटो काढला असता तर बरं झालं असतं."

जीपारने पेन खाली ठेवलं. हे वाक्य ती रोज ऐकत होती. "काका, तुमचा फोटो काढला तर त्यातही गादी सरकलेली दिसेल. माझाही काढला तर काहीतरी निघेल. झिजतंच सगळं. काबीलकाकांचं काय झालं बघताय ना? मी मावशींना सगळं विचारलं. एखाद्या गोष्टीची जरी शंका आली असती ना, तर आजच पाठवलं असतं. तशी एकही गोष्ट नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. पाय लुळा पडला, लघवीचं काही झालं, रात्री झोप येईना झाली, तर लगेच या. नाहीतर महिन्याभराने या."

इथे शार्शेनने जे केलं ते सांगताना राग येतो, पण ते न समजण्यासारखं नाही. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बायको बाहेर होती, दार लोटलेलं होतं, समोर डॉक्टर होती. पण डॉक्टर म्हणत होती, तशी एकही गोष्ट नाही. शिकलेली बाई, आपल्या तोंडाने सांगत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि इथे तर काडी त्याने स्वतःच पाण्यात टाकली होती. तरीही त्याने ती घट्ट धरली. "बरं" म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी जाताना त्याला खरोखरच हलकं वाटलं. डॉक्टरने तपासलं, सगळं विचारलं, फोटोची गरज नाही म्हणाली. हे वाक्य तो पुढे कितीतरी वेळा मनात म्हणत राहिला. वाड्यावर मेंढ्यांना गवत टाकताना म्हणाला, नदीवर पाणी भरताना म्हणाला. शेजाऱ्यांनी विचारलं की त्यांनाही तेच सांगायचा. त्यात कुठे खोटं होतं? एकही शब्द खोटा नव्हता.

कंबर मात्र ऐकेना. बुर्माकान आधी वाकायची थांबली, मग पोळपाटाशी बसायची थांबली, मग रात्री आडवं होता येईना म्हणून गाद्यांच्या चळतीला टेकून बसून झोपू लागली. तोंड चालू होतं. "तुमचं घोरणं ऐकायला जागी राहते," म्हणायची. एकदा शार्शेनने तिचा कोट उचलून दिला तेव्हा खांद्यांत तो कसा लोंबतोय ते त्याच्या डोळ्यांत भरलं, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली.

मग त्याने मेंढा कापला. ताजं कातडं, आतून वाफ येतंय तोवर, कंबरेला गुंडाळायचं. कारा-बुलाकमध्ये हा उपाय फोटोच्या आधीपासून चालत आलाय. आकमातची बायको आणि शेजारणी जमल्या, बुर्माकानला कातड्यात गुंडाळलं, वर घोंगड्या टाकल्या. ती घामाघूम झाली. "मी मेंढी झाले तर मला सोडाल का माळावर?" म्हणाली, आणि बाया हसल्या. शार्शेन बाहेर मांसाचे वाटे करत उभा होता. ते हसणं त्याला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी दुखणं होतं तिथेच होतं.

"फोटो काढून आणू का दादा?" त्याने आकमातला विचारलं.

आकमात गावातला मोठा माणूस. कोणाचं मरण ऐकवायचं असलं की लोक त्याला बोलवायचे. मरणाची बातमी तिथे एका तोंडाने सांगत नाहीत. चार वडीलधारे जमतात, पांढऱ्या टोप्या घालून घरात जातात, बसतात, बाबा आदमपासून सुरुवात करतात, पैगंबरांनाही जावं लागलं म्हणतात, आणि मग हळूच नाव घेतात. गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या एका पोराची शवपेटी मॉस्कोहून आली तेव्हा आकमातनेच त्याच्या आईला ऐकवलं होतं. तेव्हापासून गावात ज्यांची ज्यांची मुलं तिकडे होती त्या आया, चार टोप्या एकत्र दिसल्या की दार लावून घ्यायच्या.

"फोटो कशाला?" आकमात म्हणाला. "डॉक्टरीण नको म्हणाली ना?"

"तिला ते माहीत नव्हतं."

"मग तुला तरी काय माहीत? झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटोत काही निघालं तर बुर्माकान विचारेल, कशानं झालं? काय सांगशील? मरण ऐकवता येतं शार्शेन. आजार कसा ऐकवायचा? माणूस समोर बसलेलं असतं."

शार्शेन घरी परतला. थोरल्या भावाने सांगितलं की त्यालाही बरंच वाटायचं. आणखी थोडं थांबायला एक कारण मिळायचं.

नदी गोठली त्या सुमाराची गोष्ट. सकाळी बुर्माकान हट्टाने गाय पिळायला गेली. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून शार्शेन गोठ्यात धावला. ती स्टुलावरून घसरून गवतात बसली होती. दूध सगळीकडे सांडलं होतं आणि गाय शांतपणे रवंथ करत होती.

"अहो, माझे पाय कुठायत बघा हो," ती म्हणाली. "मला सापडत नाहीयेत."

तिचा घागरा ओला झाला होता. दुधाने नव्हे. तिला ते कळलंही नव्हतं.

त्याने तिला उचलून आत आणलं. किती हलकी झाली होती. मग घोड्यावर टांग टाकून तो दवाखान्यात गेला आणि दारातूनच जीपारला सगळं सांगून टाकलं: पाय, लघवी, आणि तीन वर्षांपूर्वीची गाठ. जे वाक्य त्या दिवशी घशात अडकलं होतं ते आता कसं सुळकन बाहेर आलं.

जीपार उभी होती ती खाली बसली.

"तुम्ही तिथंच होता, काका," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हा."

"होतो."

"नंतर दारात थांबलात. मी म्हटलं, काही राहिलं का."

"हो."

"एवढं एक सांगितलं असतंत तर त्याच आठवड्यात फोटो काढला असता. पाय वाचले असते." तिने डोळे पुसले, रागाने पुसले. "मावशी काही मेल्या नसत्या हो ऐकून. बायका मरत नाहीत असल्या शब्दाने."

बिश्केकला नेलं. फोटो निघाला. वरातीमागून घोडं म्हणतात, तसा निघाला. मणक्यांत तोच आजार पसरला होता, एक मणका चेचला जाऊन आतल्या मज्जारज्जूवर बसला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, पाय परत येणार नाहीत. दुखणं कमी करायला किरणांचे शेक देता येतील, किती दिवस ते आमच्या हातात नाही. आणि त्यांनीही शार्शेनला बाहेर बोलावून, आवाज खाली आणून सांगितलं की बाईला एवढ्यात काही बोलू नका. बुर्माकानला सांगितलं, नस दबलीय.

गावी परतल्यावर जीपार घरी आली, इंजेक्शन दिलं, आणि जाताना अंगणात शार्शेनला अडवलं. "मावशींना सांगा. पुन्हा शहरात जायचं का, शेक घ्यायचे का, हे त्यांनी ठरवायचंय. तुम्ही नाही. आता मी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

तो दोनदा तिच्या अंथरुणाशी जाऊन बसला. एकदा चहा दिला, एकदा उशी सारखी केली. दोन्ही वेळा तसाच उठून आला. एका माणसाने दुसऱ्याला असलं काही सांगायची रीत त्याला कोणी शिकवलीच नव्हती. त्याला एकच रीत माहीत होती. तो आकमातकडे गेला.

आकमातने खूप वेळ दाढी कुरवाळली. "आजार कधी ऐकवला नाही रे कोणी," म्हणाला. पण पोरगी डॉक्टर उद्या फटकन बोलून मोकळी होणार, त्यापेक्षा रीतसर गेलेलं बरं, असं त्यालाही वाटलं. भल्या मनानेच वाटलं. त्याने आणखी तीन म्हातारे जमवले.

दुपार होती. बुर्माकानचं अंथरूण खिडकीपाशी घातलेलं होतं, तिला रस्ता दिसावा म्हणून. शार्शेन चहाचं पाणी उकळत होता. फाटकातून चार पांढऱ्या टोप्या एकामागोमाग आत येताना तिने पाहिल्या.

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "हे कोणासाठी आले?"

शार्शेनला तेव्हा कळलं. तेव्हा, आधी नाही. चार माणसं पुढे घालून आपण काय घरात आणतोय ते त्याला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

म्हातारे आत आले, भिंतीकडेने बसले. आकमातने घसा साफ केला. "बुर्माकान, बाबा आदमापासून या जगात आलेला कोणी..."

"मीरलान," बुर्माकान म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी आपला चेहरा ओरबाडला. नखांच्या रेघा गालांवर उमटल्या. मेलेल्या मुलासाठी आया रडतात ते सुरात रडणं तिने सुरू केलं. माझा उंच घोडा, माझा बर्फावरचा पाय, तुझं लग्न राहिलं, तुझा बुरणूस राहिला. अर्ध्या अंगाने ती उठायला बघत होती आणि उरलेलं अर्धं अंग तिला खाली ओढत होतं. म्हातारे घाबरले. आकमात "बुर्माकान, ऐक, बुर्माकान" म्हणत राहिला, पण असं रडणं सुरू झालं की मध्ये बोलायचं नसतं, हीही रीतच होती, आणि तो रीत मोडणारा माणूस नव्हता.

शार्शेनने किटली टाकून तिचे हात धरले. "मीरलान बरा आहे. अगं ऐक. मीरलान कामावर आहे. मेलं कोणी नाही. तुझं आहे. तुझ्याबद्दल आहे. तुला कॅन्सर आहे. तेव्हाची गाठ तीच होती. आता पाठीत आलाय. बरा नाही होणार."

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं होतं.

"मीरलान जिवंत आहे?"

"आहे."

"देवाची शपथ?"

"देवाची शपथ."

तिचा जीव भांड्यात पडला. ती मागे उशीवर टेकली आणि डोळे मिटून घेतले. गालांवरच्या रेघांतून रक्त येत होतं आणि ती चक्क हसत होती. "मग एवढंच ना," म्हणाली. "माझंच ना. त्यासाठी चार माणसं घेऊन आलात? मारलंत की मला." म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "बसा भावोजी. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

चहा झाला. भाकरीचा तुकडा मोडून ते चौघे उठले आणि पायांचा आवाज न करता निघून गेले. बुर्माकान खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत होती. आतापर्यंतचं हसू चेहऱ्यावरून कधीच उतरलं होतं. ती मागचं एकेक आठवत होती, ते शार्शेनला दिसत होतं: गाठ, शेक, ताकदीची गोळी. तो वाट बघत राहिला.

"जीपारने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "कॅन्सर झाला होता का म्हणून. मी नाही म्हटलं."

"हो."

"तुम्ही तिथंच बसला होता ना? शेगडीजवळ."

शार्शेनने मान हलवली. तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली, एखादा नवीन माणूस घरात आल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी मॉस्कोला कळवलं होतं की तुमच्या घरी चार टोप्या शिरताना दिसल्या. शार्शेनने फोन तिच्या कानाशी धरला. मीरलानचा आवाज इतका मोठा होता की त्यालाही ऐकू येत होता. मागे मशीन घरघरत होतं. "आई? बाबा बरे आहेत ना? काय झालंय? खरं सांग."

बुर्माकानने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने गालावरचं रक्त टिपलं. आवाज नेहमीसारखा केला.

"काही नाही रे. तुझे काका आले होते चहाला. तू जेवलास का?"

"आई, तुझी तब्येत?"

"कंबर धरलीय जरा. बुरणूस लाटला ना तुझा." तिने शार्शेनकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही. "डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. फोटोची काही गरज नाही म्हणाल्या."